देहाची साक्ष आणि आभाळाची साक्ष

१९३२ सालची गोष्ट. साठवणीच्या मालातली कीड मारण्यासाठी फ्रान्समध्ये ल गुपिल नावाचा संशोधक इथिलीन ऑक्साइड हा वायू वापरून पाहत होता. वायू गुणकारी होता, पण भडकणारा. ठिणगी पडली तर किड्यांबरोबर गोदामही जायचे. त्याची धग मारावी म्हणून ल गुपिलने त्यात मिथाइल ब्रोमाइड मिसळले. हे द्रव्य तेव्हा आग विझवण्यासाठी वापरात होतेच. प्रयोग पुढे गेले आणि एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात आली. आग रोखण्यापुरते घातलेले हे द्रव्य स्वतःच किडे मारत होते, आणि तेही फार सफाईने.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातल्या शेतीने, गोदामांनी आणि बंदरांनी या वायूवर विसंबून काढली. धान्याची पोती, कापसाच्या गाठी, लाकडाचे ओंडके, फुलांचे वाफे, स्ट्रॉबेरीची शेते, लाकडी घरे, सगळीकडे त्याची धुरी फिरली. माणसाला तो काय करतो हे या वापराच्या आधीपासून ठाऊक होते. तरीही त्याला आवर घातला गेला तो माणसाच्या देहासाठी नव्हे, आभाळातल्या एका पातळ थरासाठी. हा इतिहास म्हणूनच नीट वाचायला हवा.

आग विझवणारे विष

मिथाइल ब्रोमाइड सुमारे साडेतीन अंश सेल्सियसलाच उकळते. सिलिंडरात दाबाखाली ते द्रव असते आणि तोटी उघडताच वायू होऊन बाहेर पडते. त्याला रंग नाही. थोड्या प्रमाणात असेल तर वासही नाही आणि धोका मात्र तेवढ्यानेच सुरू होतो. हवेपेक्षा तो तिपटीहून अधिक जड आहे, त्यामुळे तळघरात, खड्ड्यात, जहाजाच्या तळाशी साचून राहतो. लाकूड, पोती, माती यांच्यात तो खोलवर शिरतो. धुरी देणाऱ्याला याहून सोयीचे द्रव्य मिळणे कठीण, आणि त्याच हवेत श्वास घेणाऱ्याला याहून फसवे.

या वायूने झालेल्या विषबाधेची नोंद युरोपातल्या वैद्यकीय लेखनात १८९९ सालीच झाली होती. ल गुपिलच्या प्रयोगाआधी तब्बल तेहतीस वर्षे. पुढे १९२०च्या दशकापासून युरोपात तो आग विझवण्याच्या यंत्रांत भरला जाऊ लागला. विजेच्या आणि पेट्रोलच्या आगीवर पाणी चालत नाही. हा वायू चालत असे. मोटारींत, कारखान्यांत आणि ब्रिटिश व जर्मन विमानांत त्याची यंत्रे बसली. आग विझे, पण बंद जागेत ती विझवणारा माणूस पुढच्या काही तासांत आजारी पडे. काही जण दगावत. १९५०च्या दशकापर्यंत अशा मृत्यूंची संख्या डझनांत मोजावी लागली. जर्मनीने युद्धकाळातच दुसऱ्या, तुलनेने सौम्य द्रव्याकडे वळायला सुरुवात केली आणि नंतर हॅलॉन वायू आले. अडगळीत पडलेल्या जुन्या यंत्रांतून गळती होऊन विषबाधा झाल्याच्या नोंदी मात्र कित्येक दशकांनंतरही होत राहिल्या.

या विषबाधेचे रूप समजून घेतले पाहिजे, कारण तिची दखल उशिरा का घेतली जाते याचे उत्तर तिच्या स्वभावातच आहे. वायू श्वासातून शरीरात जातो तेव्हा अनेकदा काहीच जाणवत नाही. डोळ्यांची चुरचुर नाही, ठसका नाही. माणूस काम संपवतो, घरी जातो, जेवतो. काही तासांनी, कधी कधी तर दोन दिवसांनी डोके दुखू लागते, मळमळ होते, नजर धूसर होते. बोलणे जड होते, चाल अडखळते, हातपाय थरथरू लागतात. मात्रा मोठी असेल तर झटके येतात, फुप्फुसांत पाणी भरते आणि मृत्यू ओढवतो. जो वाचतो त्याची सुटका होतेच असे नाही. तोल जाणे, स्मृती कमी होणे, स्नायूंना झटके येणे, स्वभाव बदलणे ही लक्षणे महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत जन्मभर राहतात. अशा रुग्णांना दारुडे किंवा वेडे समजले गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

या विषावर उतारा नाही. रुग्णाला मोकळ्या हवेत नेणे, प्राणवायू देणे, झटके आवरणे यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसते. साधे रबरी हातमोजे आणि चामड्याचे बूट यांतूनही वायू आरपार जातो आणि आत अडकून कातडीवर फोड उठवतो. म्हणून धुरी देणाऱ्या कामगारांना घट्ट हातमोजे, बूट, अंगठ्या घालू नका, सैल कपडे घाला, असे बजावले जाई. जिथे हातमोजा घालणे हाच धोका ठरतो, तिथे संरक्षण किती तोकडे असेल, हे वेगळे सांगायला नको.

खपऱ्याविरुद्धची मोहीम

१९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने क्वारंटाइनच्या कामासाठी हा वायू स्वीकारला. एका राज्यातली कीड दुसऱ्या राज्यात जाऊ नये म्हणून फळे, बटाटे, रोपे यांना धुरी दिली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या कपड्यांतल्या उवा मारण्यासाठीही अमेरिकी सैन्याने तो वापरला. उवा म्हणजे टायफसचा ताप, आणि टायफसने त्याआधीच्या युद्धांत फौजाच्या फौजा गारद केल्या होत्या. या वायूने माणसांचे प्राणही वाचवले आहेत, ही गोष्ट नाकारून हा इतिहास सांगता येणार नाही.

त्याची खरी ताकद दिसली ती एका भारतीय किड्यासमोर. खपरा भुंगेरा हा मूळचा आपल्या उपखंडातला. साठवणीच्या धान्यात इतका चिवट शत्रू दुसरा नाही. त्याच्या अळ्या अन्नाशिवाय फटींत वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात आणि अशा अवस्थेत बहुतेक विषांना दाद देत नाहीत. १९५३ साली हा किडा कॅलिफोर्नियातल्या धान्याच्या गोदामांत सापडला आणि अमेरिकी शेतीखात्याचे धाबे दणाणले. मग एक विलक्षण मोहीम सुरू झाली. गोदामेच्या गोदामे छपरापासून जमिनीपर्यंत प्रचंड ताडपत्र्यांत गुंडाळली गेली, ताडपत्रीच्या कडांवर वाळूच्या लांब पिशव्या ठेवल्या गेल्या आणि आत मिथाइल ब्रोमाइड सोडले गेले. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास, सीमेपलीकडे मेक्सिको. तेरा वर्षांनी, १९६६ साली, खपऱ्याचा नायनाट झाल्याचे जाहीर झाले.

असे यश मिळाल्यावर त्या द्रव्यावर शंका घेणाऱ्याला कोण विचारतो? पण शंका होत्या. १९४५ सालीच कॅलिफोर्नियात खजूर भरणाऱ्या कामगारांच्या एका मोठ्या गटाला या वायूची विषबाधा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. धुरी दिलेली खोकी उघडायची आणि फळे निवडायची, एवढेच त्यांचे काम. सिलिंडरला त्यांचा हातही लागला नव्हता. धुरी देणाऱ्याइतकाच धोका धुरी दिलेला माल हाताळणाऱ्याला असतो, हा धडा तेव्हाच समोर आला होता. तो ना नियमांत नीट उतरला, ना लोकांच्या लक्षात राहिला.

स्ट्रॉबेरीची समृद्धी

या वायूचा सर्वात मोठा ग्राहक पुढे गोदाम राहिले नाही, शेत झाले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांना मर रोगाने हैराण केले होते. मातीत राहणारी बुरशी मुळांतून शिरे आणि उभे पीक वाळून जाई. एकदा रोग आला की ते रान वर्षानुवर्षे स्ट्रॉबेरीला निकामी होई. १९५०च्या दशकात बर्कले विद्यापीठातले वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टीफन विल्हेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की क्लोरोपिक्रिन आणि मिथाइल ब्रोमाइड यांचे मिश्रण मातीत सोडून वर प्लॅस्टिक अंथरले, तर बुरशी, सूत्रकृमी, तण यांचा एका झटक्यात निकाल लागतो. क्लोरोपिक्रिन हा पहिल्या महायुद्धात वापरलेला, डोळ्यांतून पाणी काढणारा वायू. तो स्वतः बुरशी मारी, शिवाय वास नसलेल्या सोबत्याची चाहूल माणसाला देई.

१९६०च्या दशकापासून ही पद्धत सरसकट झाली. लागवडीआधी ट्रॅक्टर शेतात फिरे. फाळामागच्या नळ्यांतून वायू जमिनीत जाई आणि मागोमाग प्लॅस्टिकचा पट्टा पसरला जाई. काही दिवसांनी कामगार ते प्लॅस्टिक फाडून गोळा करत. एकाच जमिनीत वर्षामागून वर्षे तेच पीक घेता येऊ लागले, फेरपालटाची गरज संपली आणि एकरी उत्पादन कित्येक पटींनी वाढले. समुद्रकाठची महागडी जमीन, कर्ज, बाजारभाव, निर्यात, सगळा हिशेब धुरी गृहीत धरून मांडला जाऊ लागला. हीच पद्धत फ्लोरिडाच्या टोमॅटोत, इस्रायल, स्पेन आणि मोरोक्कोच्या भाज्यांत, केनियाच्या फुलांत, झिम्बाब्वेच्या तंबाखूत पोहोचली. मृत समुद्राच्या आणि अमेरिकेतल्या आर्कान्सॉच्या खाऱ्या पाण्यातून काढलेल्या ब्रोमिनला यामुळे मोठी बाजारपेठ मिळाली. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत जगभर दरवर्षी ६० हजार टनांहून अधिक मिथाइल ब्रोमाइड वापरले जात होते. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग मातीत जात होता.

मातीत सोडलेला हा वायू मातीत राहत नाही. काही भाग तिथेच विघटित होतो, उरलेला प्लॅस्टिकमधून आणि प्लॅस्टिक काढल्यावर वर निघून जातो. वर जाण्याआधी तो शेतात वाकलेल्या माणसांच्या, शेजारच्या वस्तीच्या, बांधाला लागून असलेल्या शाळेच्या हवेतून जातो. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणारे बहुतेक मजूर मेक्सिकोतून आलेले. अनेकांकडे कागदपत्रे नव्हती, इंग्रजी येत नव्हते, आणि तक्रार केली तर काम जाण्याची, कदाचित देशाबाहेर काढले जाण्याची भीती होती. डोकेदुखी आणि मळमळ घेऊन ते सरकारी दारात कुठून जाणार?

तरीही कायद्याच्या मार्गाने एक प्रयत्न झाला. जन्मजात व्यंगे टाळण्यासाठी कॅलिफोर्नियाने १९८४ साली एक कायदा केला. कीटकनाशकांच्या उत्पादकांनी आरोग्यविषयक चाचण्यांचे अहवाल मुदतीत दिले नाहीत, तर त्या द्रव्याची विक्री थांबवावी अशी त्यात तरतूद होती. मिथाइल ब्रोमाइडचे अहवाल पुरे झाले नव्हते आणि मार्च १९९६ची मुदत तोंडावर आली होती. तेव्हा राज्यपाल पीट विल्सन यांच्या पुढाकाराने विधिमंडळाचे खास अधिवेशन भरले आणि मुदत वाढवली गेली. शेतीचे नुकसान होईल हे कारण पुरेसे ठरले.

वेगळा निर्णय घेणारा देशही होता. नेदरलँड्समध्ये काचघरे आणि घरे एकमेकांना खेटून असतात. तिथे धुरीनंतर पाण्यात ब्रोमाइड वाढल्याचे आढळले, वायूचा त्रास जवळच्या वस्त्यांपर्यंत पोहोचण्याची भीती होती, आणि त्या छोट्या देशाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मातीची धुरी बंद केली. डच शेतकऱ्यांनी वाफेने माती निर्जंतुक केली, मातीविना लागवड वाढवली आणि त्यांची शेती बुडाली नाही. मनात आणले तर हे जमत होते.

आभाळाची साक्ष

१९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवले की शीतकपाटांतले क्लोरोफ्लुरोकार्बन उंच वातावरणात जाऊन ओझोनचा थर खातात. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधल्या स्टीव्हन वॉफ्सी, मायकेल मॅकेलरॉय आणि युक युंग यांनी ब्रोमिनकडे बोट दाखवले. एकास एक तुलना केली तर ब्रोमिनचा अणू क्लोरिनपेक्षा ओझोनला कितीतरी अधिक घातक ठरतो. आजचा अंदाज सुमारे साठपट आहे. १९८५ साली अंटार्क्टिकावरचे ओझोनचे भगदाड जगासमोर आले आणि दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियल करार झाला. त्यात क्लोरोफ्लुरोकार्बन आले, आग विझवणारे हॅलॉन आले. मिथाइल ब्रोमाइड राहून गेले.

ते यादीत आले नोव्हेंबर १९९२ मध्ये, कोपनहेगनच्या बैठकीत. उत्पादकांनी जोरदार विरोध केला. समुद्रातूनही मिथाइल ब्रोमाइड नैसर्गिकरीत्या बाहेर पडते, मग शेतकऱ्याला का दोष, असा त्यांचा मुद्दा होता. समुद्र हा वायू सोडतो हे खरे. तो शोषूनही घेतो. माणसाने घातलेली भर थांबवली तर हवेतले प्रमाण लगेच उतरेल, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे होते, कारण हा वायू हवेत वर्षभरही टिकत नाही. १९९७ साली वेळापत्रक ठरले. श्रीमंत देशांनी १९९१च्या पातळीवरून टप्प्याटप्प्याने कपात करत २००५ पर्यंत वापर बंद करायचा, विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत.

शास्त्रज्ञ बरोबर ठरले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हवेतल्या दर लाख कोटी रेणूंमागे मिथाइल ब्रोमाइडचे नऊहून अधिक रेणू होते. नंतर ते सातच्याही खाली आले. पर्यावरणाच्या इतिहासात इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो.

१८९९ पासून माणसांचे देह साक्ष देत होते, आणि शंभर वर्षांत त्या साक्षीवरून जगाने एकमताने काहीही ठरवले नाही. आभाळाने साक्ष दिली आणि कोपनहेगनच्या बैठकीनंतर तेरा वर्षांत श्रीमंत देशांवर बंदी आली. ओझोनचा थर विरळ झाला तर कर्करोगाची भीती सगळ्यांनाच, श्रीमंतालाही आणि मंत्र्यालाही. धुरीने आजारी पडत होता तो ताडपत्री ओढणारा, खोकी उघडणारा, प्लॅस्टिक फाडणारा माणूस. ज्याचे दुःख निर्णय घेणाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचत नाही, त्याच्या दुःखाला पुराव्याचा दर्जा मिळायला फार वेळ लागतो. या द्रव्याच्या इतिहासाने शिकवलेली सर्वात कठोर गोष्ट हीच आहे.

बंदीतल्या वाटा

बंदी आली तरी वापर संपला नाही. ज्यांना पर्याय मिळत नाही त्यांच्यासाठी करारात ‘अत्यावश्यक वापरा’ची सवलत ठेवली होती. २००५ या बंदीच्या पहिल्याच वर्षी अमेरिकेने साडेनऊ हजार टनांहून अधिक वापराची मुभा मिळवली, म्हणजे तिच्या १९९१च्या वापराच्या सुमारे ३७ टक्के. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांसाठी ही सवलत २०१६ पर्यंत चालू राहिली.

मधल्या काळात पर्याय म्हणून आणखी विषारी द्रव्य पुढे आले. मिथाइल आयोडाइड ओझोनला फारसे घातक नाही, पण कर्करोगाच्या संशोधनात प्राण्यांमध्ये गाठी निर्माण करण्यासाठी वापरले जाणारे ते रसायन. २००७ साली पन्नासहून अधिक शास्त्रज्ञांनी, त्यांत नोबेल मानकरीही होते, त्याला परवानगी देऊ नका असे लेखी कळवले. तरी केंद्रीय परवानगी मिळाली, २०१०च्या अखेरीस कॅलिफोर्नियाचीही मिळाली. मजूर संघटना, रहिवासी आणि शास्त्रज्ञ यांनी न्यायालयात आणि रस्त्यावर लढा दिला आणि २०१२ साली उत्पादकाने ते अमेरिकी बाजारातून मागे घेतले. या वेळी देहाची बाजू मांडणारे लोक आधीच उभे राहिले होते, हा फरक.

खरे पर्याय होते आणि ते साधे होते. इस्रायलमध्ये याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ओल्या मातीवर उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून उष्णतेनेच रोगजंतू मारण्याची पद्धत मांडली होती. आपल्याकडची कृषी विद्यापीठेही रोपवाटिकांना तीच सांगतात. मोरोक्कोने टोमॅटोची कलमे रोगप्रतिकारक खुंटांवर बांधली. ब्राझीलने तंबाखूची रोपे पाण्यावर तरंगणाऱ्या ट्रेमध्ये वाढवली. इतर ठिकाणी काथ्याच्या भुशात लागवड झाली. विकसनशील देशांना दहा वर्षे अधिक मिळाली होती, त्यातल्या कित्येकांनी मुदतीआधीच शेतातला वापर सोडला.

एक दरवाजा मात्र करारानेच कायम उघडा ठेवला. देशात कीड येऊ नये म्हणून बंदरावर आणि निर्यातीपूर्वी दिल्या जाणाऱ्या धुरीला बंदी लागू नाही. आजही या कामासाठी दरवर्षी सुमारे दहा हजार टन वायू वापरला जातो. युरोपीय संघाने २०१० साली आपल्या हद्दीत तोही वापर थांबवला. बाकी जगात तो चालू आहे.

सिलिंडर उपलब्ध असले की ते चुकीच्या हाती जातात. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉन बेटावर सुट्टीसाठी आलेले चौघांचे एक कुटुंब एका निवासात उतरले होते. खालच्या मजल्यावर लाकडातल्या भुंगेऱ्यांसाठी मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली गेली. अमेरिकेत निवासी घरांत हा वापर १९८४ पासूनच बंद होता. वडील आणि दोन किशोरवयीन मुले यांच्या मज्जासंस्थेला कायमची इजा झाली. धुरी देणाऱ्या कंपनीने गुन्हा कबूल केला, लाखो डॉलरचा दंड भरला. तिने बेटांवरच्या इतर घरांतही असाच वापर केल्याचे उघड झाले. कायदा तीस वर्षे जुना होता, तरी तो पाळला जातो की नाही हे कुणी पाहिले नव्हते.

आपल्या बंदरांवर

भारतात धुरीचा इतिहास जुना आहे. मेक्सिकोतला कापसाचे बोंड पोखरणारा भुंगा इकडे येऊ नये म्हणून १९०६ सालीच आयात कापसाच्या गाठींना धुरी सक्तीची झाली, आणि पुढे अमेरिकी कापसाला मुंबई बंदरावर हायड्रोसायनिक वायूची धुरी मिळू लागली. १९१४ साली त्यासाठी कायदा आला. आज आयातीचे नियम २००३च्या आदेशाने चालतात आणि त्यातल्या कित्येक मालांसाठी मिथाइल ब्रोमाइडची अट आहे. २०१९ साली अवकाळी पावसाने महाराष्ट्रातला कांदा सडला आणि इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा आणावा लागला. तेव्हा निर्यातदार देशात धुरी झाली नसेल तर ती भारतीय बंदरात देण्याची मुभा सरकारने दिली. बाजारात भावाची चर्चा झाली. धुरी दिलेला कंटेनर कोण उघडतो, याची झाली नाही.

आपल्या कायद्यात हा वायू निर्बंधित आहे. सरकारी संस्था आणि मान्यताप्राप्त पेस्ट कंट्रोल व्यावसायिक यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच तो वापरायचा असतो. पण धुरी संपल्यावर कंटेनर ट्रकवर चढतो, न्हावा-शेव्याहून भिवंडीच्या गोदामात जातो आणि तिथे दार उघडणाऱ्या माथाडी कामगाराला आत काय आहे हे कुणी सांगत नाही. हॅम्बर्ग आणि रॉटरडॅमसारख्या बंदरांवर तपासण्या झाल्या तेव्हा आलेल्या बऱ्याच कंटेनरांत घातक वायूंचे अंश सापडले, आणि त्यातल्या अनेकांवर इशाऱ्याची चिठ्ठीसुद्धा नव्हती.

वायूविना चालते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ विकिरण केंद्रातून २००७ साली हापूस अमेरिकेला गेला. आंब्याच्या कोयीत दडलेला भुंगाही गॅमा किरणांनी निष्प्रभ होतो आणि मालावर कोणताही अंश राहत नाही. वाफेच्या आणि गरम पाण्याच्या प्रक्रियेवर वाशी आणि कोकणातून फळे परदेशी जातात. लाकडी खोक्यांना आणि पॅलेटना उष्णता दिली तरी आंतरराष्ट्रीय नियम पुरा होतो. पॅलेटवरचा शिक्का पाहिला तर कळते: ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरे असतील तर उष्णता दिलेली, ‘एमबी’ असतील तर मिथाइल ब्रोमाइड. जुन्या पॅलेटच्या फळ्यांपासून घरी टेबल-खुर्च्या करण्याची टूम शहरांत आहे; ज्यांच्यावर ‘एमबी’ असेल त्या फळ्या घरात आणू नयेत.

पर्याय आंधळेपणाने निवडूनही चालणार नाही. मिथाइल ब्रोमाइडच्या जागी आलेले सल्फ्युरिल फ्लोराइड पृथ्वी तापवणाऱ्या प्रबळ वायूंपैकी आहे. धान्याच्या गोदामांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांनी आपल्या देशात किती घरे उद्ध्वस्त केली, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक नव्या धुरीबद्दल पहिला प्रश्न हाच हवा: ती देणाऱ्या, उघडणाऱ्या आणि शेजारी राहणाऱ्या माणसाचे काय होईल?

जे करायचे ते अवघड नाही. धुरी दिलेल्या प्रत्येक कंटेनरवर मराठी-हिंदीत, कवटीच्या चिन्हासह, तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. दार उघडण्यापूर्वी आतली हवा मोजल्याशिवाय कामगाराला आत पाठवू नये. वायू मोजणाऱ्या उपकरणाचा खर्च कंटेनरमधल्या मालाच्या किमतीपुढे नगण्य आहे. बंदर आणि गोदाम परिसरातल्या डॉक्टरांनी डोकेदुखी, थरथर, अडखळती चाल घेऊन आलेल्या रुग्णाला ‘तुम्ही काय काम करता, काल काय उघडले?’ हा प्रश्न न चुकता विचारावा. कामगार संघटनांनी हे हक्क म्हणून मागावे, मालकांनी मागण्याची वाट पाहू नये आणि सरकारने हे नियमांत लिहून ते पाळले जातात की नाही हे प्रत्यक्ष जाऊन तपासावे.